न्यू जर्सीतलं गॅरेज आणि कोशाचे साठ स्टोल

प्रश्न : नमस्कार सर. मी नागपुरात मनीषनगरला राहते. तीन वर्षांपासून भंडारा जिल्ह्यातल्या विणकरांकडून कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, स्टोल आणि दुपट्टे घेऊन ऑनलाइन विकते. परदेशातून महिन्याला वीस-पंचवीस ऑर्डर येतात. निम्म्याहून जास्त अमेरिकेच्या, बाकी दुबई आणि लंडन. एका स्टोलला कुरियरचे १,९०० रुपये लागतात आणि पोचायला कधी दहा दिवस, तर कधी बावीस. मागच्या दोन महिन्यांत अमेरिकेतून तीन पार्सलं परत आली. दारात ड्युटी मागितली म्हणून ग्राहकांनी ती घेतलीच नाहीत. एका वर्कशॉपमध्ये सांगितलं, की माल अमेरिकेतल्याच गोदामात ठेवा, दोन दिवसांत डिलिव्हरी होते. त्यांचं ३०० नगांचं पॅकेज पावणेदोन लाखांचं आहे. माझ्या बहिणीचा मुलगा न्यू जर्सीत नोकरीला आहे. तो म्हणतो, "मावशी, माझं गॅरेज रिकामंच आहे, पाठव खोकी." हे म्हणतात, आधी कोणाला तरी विचार. पॅकेज घ्यावं की गॅरेज वापरावं? आणि सोबत घरचा सावजी मसालाही ठेवावा का?
— एक वाचक, मनीषनगर

उत्तर : ताई, यजमान बरोबर म्हणतात. पावणेदोन लाख तूर्त बँकेतच राहू द्या.

तुमच्या पत्रात दोन दुखणी एकात एक मिसळली आहेत. पार्सल उशिरा पोचतं हे एक, आणि पार्सल परत येतं हे दुसरं. गोदाम पहिल्यावरचं औषध आहे. परत आलेल्या तीन पार्सलांचा अंतराशी काही संबंध नव्हता. अमेरिकेत पूर्वी ८०० डॉलरपर्यंतचं पार्सल बिनाड्युटीचं सुटायचं. ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्याच देशांसाठी बंद झाली. तुमचा साठ डॉलरचा स्टोलसुद्धा आता ड्युटीच्या कक्षेत येतो. त्या गोंधळात भारतीय डाकेनं अमेरिकेची बहुतेक पार्सलं २५ ऑगस्टपासून थांबवली होती. १५ ऑक्टोबरला सेवा पुन्हा सुरू झाली ती ड्युटी इथेच, बुकिंगच्या वेळी भरून घेण्याच्या पद्धतीनं. कुरियरच्या भाषेत याला डीडीपी म्हणतात. तुमचा एजंट बहुधा अजून डीडीयूवर पाठवतो आहे, म्हणजे ड्युटी घेणाऱ्यानं भरायची. मग तिकडची ग्राहक बाई दारात बिल बघते आणि "नको बाबा" म्हणून मोकळी होते.

तेव्हा पहिलं काम उद्याच करा. एजंटला सांगा, की यापुढे अमेरिकेचं प्रत्येक पार्सल डीडीपीवर जाईल. ड्युटी वेबसाइटवरच किमतीत धरा आणि ठळक लिहा, की दारात काहीही द्यावं लागणार नाही. ड्युटीचा दर मी इथे छापत नाही. गेल्या काळात तो इतक्यांदा बदलला आहे, की ज्या दिवशी माल निघणार त्याच दिवशीचा बघावा. फक्त एचएस कोड, म्हणजे मालाचा प्रकार सांगणारा कस्टमचा आकडा, बिलावर नीट टाका. स्टोल, दुपट्टा, शाल यांचा ६२१४ आणि रेशमी कापडाचा ५००७. एजंटच्या पोऱ्यानं घाईत भलताच कोड टाकला, तर ड्युटी भलतीच लागते आणि भांडायला आपण सात समुद्रापलीकडे.

एजंट "गिफ्ट लिहून टाकतो, काही होत नाही" म्हणाला, तर एजंट बदला. गिफ्ट म्हणून गेलेल्या मालाला निर्यातीचा पुरावा उरत नाही, मग जीएसटीचा परतावा विसरा. तुमचा माल कुरियर शिपिंग बिलावर, म्हणजे सीएसबी-पाचवर, किंवा डाकघर निर्यात केंद्रातून पोस्टल बिल ऑफ एक्स्पोर्टवरच जायला हवा.

आता गोदामाकडे वळू. परदेशातलं गोदाम म्हणजे ग्राहकाच्या गावाजवळ आधीच नेऊन ठेवलेला माल. ऑर्डर आली की तिथला माणूस बारकोड बघून नग उचलतो, पाकीट बंद करतो आणि तिथल्याच टपालानं पाठवतो. दहा-बावीस दिवसांचे दोन-चार दिवस होतात, हे खरंच आहे. पण वर्कशॉपमध्ये सहसा न सांगितला जाणारा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो, तो म्हणजे रिटर्नचा. आज एखादीला रंग आवडला नाही, तर स्टोल परत मागवायचा खर्च स्टोलच्या खरेदीहून जास्त, म्हणजे चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. म्हणून बहुतेक विक्रेते पैसे परत करतात आणि नग तिथेच सोडून देतात. तिथे गोदाम असेल, तर स्टोल त्याच पत्त्यावर परत जातो, तपासला जातो आणि पुन्हा विकला जातो. परत घेण्याची सोय आहे हे दिसलं, की नवा ग्राहकही लवकर हात सैल सोडतो.

पण त्या माणसाला नग सापडतो बारकोडवरून, आणि तुमचा माल तर हातमागाचा. आंधळगावचे दोन स्टोल एकाच विणकरानं विणले, तरी कोशाचा नैसर्गिक रंग लॉटगणिक बदलतो. एक मधाळ, दुसरा राखेकडे झुकलेला. वेबसाइटवर फोटो एका लॉटचा आणि गोदामातून गेला दुसऱ्या लॉटचा, तर ग्राहकाच्या लेखी तुम्ही चुकीचा माल दिलात. मनीषनगरात तुम्ही स्वतः पाकीट भरता तेव्हा डोळ्यांनी फोटोशी जुळवता. तिथे जुळवणारं कोणी नसतं. करवती काठाचे दुपट्टे, एकेकच असलेले नग, महागडे नग यांना म्हणूनच परदेशी गोदामात मुळीच ठेवू नका. ते नागपुरातूनच जाऊ द्या, आणि "विणकराकडून थेट, पोचायला तीन आठवडे" असं उघड लिहा. असा दुपट्टा घेणारी बाई तीन आठवडे थांबते. भेट द्यायला साधा स्टोल घेणारी थांबत नाही.

तुमच्या विक्रीची वही काढा आणि बघा : अमेरिकेत एकाच तऱ्हेचा, एकाच रंगाचा कोणता नग पुन्हा पुन्हा गेला आहे? असे दोन किंवा तीन निघतील. गोदामात जाण्याच्या लायकीचे तेवढेच. विणकराला त्यांचा एकाच लॉटच्या सुताचा ताणा लावायला सांगा आणि फोटो त्याच लॉटचा नव्यानं काढा.

हिशेब मी साठ नगांवर मांडतो. आकडे समजून घेण्यासाठी धरलेले आहेत, तुम्ही कोटेशन मागवून आपले भरा. पाकिटासकट एक स्टोल पाव किलोचा, म्हणजे साठ स्टोल पंधरा किलो. खोकं ५० बाय ४० बाय ३५ सेंटीमीटरचं घेतलं, तर कुरियरवाले लांबी-रुंदी-उंचीचा गुणाकार ५००० नं भागतात आणि व्हॉल्युमेट्रिक वजन १४ किलो येतं, प्रत्यक्ष वजनाच्या आतच. खोकं ढिलं भरलंत तर हवेचं भाडं भराल. समजा किलोला ६०० रुपये पडले, तर नगामागे १५०. गोदामात उतरवून घेणं आणि लेबल लावणं ६०. उचलणं, पॅकिंग आणि तिथलं टपाल मिळून ६९०. झाले ९००. आज तुम्ही १,९०० देता. नगामागे १,००० वाचले, आणि इथेच वर्कशॉपमधली स्लाइड संपते.

पुढचं ऐका. बऱ्याच गोदामांचं महिन्याचं किमान बिल असतं, माल हलो वा न हलो. समजा ते ५० डॉलर आहे आणि डॉलर ९० रुपये धरला. सहा महिन्यांचे झाले २७,०००. साठच्या साठ विकले, तर ६०,००० वाचून त्यातून २७,००० गेले, ३३,००० हातात उरले. छान. पण वीसच विकले, तर वाचले २०,००० आणि बिल २७,०००. वर उरलेल्या चाळीस नगांचं भाडं अन् उतरवणावळ आधीच दिलेली, ड्युटी भरलेली, आणि खरेदी १,८०० ची धरली तर ७२,००० रुपये तिथल्या फळीवर अडकलेले. हेच चित्र ३०० नगांवर नेऊन बघा. पावणेदोन लाख ही फक्त त्यांची सेवा. मालाचे पाच लाख चाळीस हजार वेगळे. अमेरिकेच्या तुमच्या ऑर्डर महिन्याला पंधराच्या आसपास, आणि त्याही निरनिराळ्या डिझाइनच्या. हे भिजत घोंगडं किती वर्षं ठेवणार?

साठ आणि ३०० मध्ये आणखी एक फरक आहे. साठ नग म्हणजे साधारण १,२०० डॉलरचा माल. अमेरिकेत सर्वसाधारणपणे २,५०० डॉलरपर्यंतच्या मालाची कस्टममध्ये सोपी, अनौपचारिक एन्ट्री होते. त्यावर गेलात की औपचारिक एन्ट्री, कस्टमचा बाँड म्हणजे हमीपत्र, आणि ब्रोकरची फी. पॅकेजवाल्याला एकच प्रश्न विचारा : "इंपोर्टर ऑफ रेकॉर्ड कोण?" म्हणजे अमेरिकी कस्टमसमोर आयातदार म्हणून नाव कोणाचं. मोठी मार्केटप्लेस, म्हणजे अनेकांचा माल विकणारे ऑनलाइन बाजार, तिथे स्वतःचं नाव लावू देत नाहीत, बरीच गोदामंही देत नाहीत. या प्रश्नावर समोरचा चाचपडला, तर चहा पिऊन उठा. शिवाय स्वतःचाच माल स्वतःच्या नावावर पाठवताना विक्री झालेली नसते, म्हणून किंमत मनाला येईल तशी कमी लावता येत नाही. तीही ब्रोकरकडून ठरवून घ्या.

आता भाच्याच्या गॅरेजविषयी. पोरगा मायेनं म्हणतो आहे, शंकाच नाही. पण आधी त्याला विचारा, व्हिसा कोणता आहे. एच-वन-बीवर असेल, तर ज्या कंपनीनं त्याला नेलं तिच्याखेरीज दुसरं काम त्याला करता येत नाही. तुमची पार्सलं भरून मोबदला घेणं हे कामच झालं. "पैसे नाही घेत, मावशीसाठी करतो" हीही पळवाट भरवशाची नाही, कारण तो धंद्याचंच काम करतो आहे. एवढ्या कष्टानं मिळालेला व्हिसा आपल्या स्टोलसाठी पणाला लावायचा का? बायको एच-फोरवर, म्हणजे त्याच्यामुळे मिळालेल्या व्हिसावर असेल, तर कामाच्या परवान्याशिवाय तिच्या बाबतीतही तेच. तो ग्रीन कार्डवाला किंवा नागरिक असेल तर हा अडथळा उरत नाही, पण दुसरे उरतात. ज्या राज्यात तुमचा साठा आहे, तिथल्या विक्रीकर खात्याशी तुमचा संबंध जुळतो. मार्केटप्लेसवरून विकलं तर कर तेच गोळा करतात. स्वतःच्या वेबसाइटवरून विकलं, तर नोंदणीचं तुम्हालाच बघावं लागतं. आणि व्यवहाराचं म्हणाल, तर जानेवारीच्या बर्फात, ऑफिसातून थकून आलेल्या पोरानं दोन स्टोल घेऊन पोस्टात जायचं. पहिला महिना हौसेचा असतो. तिसऱ्या महिन्यात ऑर्डर चार दिवस पडून राहते, तुम्ही फोन करता, तो चिडतो, आणि मग बहिणीचा फोन येतो. नातं हवं असेल तर गॅरेज नको, असं माझं सरळ मत आहे.

इकडच्या कागदांकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण घाईत नेमकं हेच राहून जातं. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा नोंदणी क्रमांक, आणि निर्यातीचे पैसे घेणाऱ्या बँकेचा एडी कोड तुमच्याकडे असेलच. आजवर तुम्ही विकलेला माल पाठवत होता. गोदामात जाणारा माल न विकलेला असतो. जीएसटीच्या १८ जुलै २०१९ च्या १०८/२७/२०१९ या परिपत्रकाप्रमाणे, असा विक्रीसाठी बाहेर पाठवलेला माल निघताना 'पुरवठा' धरला जात नाही. तो डिलिव्हरी चलनावर जातो. सहा महिन्यांत जेवढा विकला त्याचं बिल तेव्हा फाडायचं. सहा महिने उलटले आणि माल विकलाही नाही, परतही आणला नाही, तर त्या दिवशी तो पुरवला असं धरतात. म्हणून एका खेपेत चार महिन्यांत संपेल एवढाच माल न्या. कस्टमचं शिपिंग बिल या सगळ्यात लागतंच. तुमच्या सीएनं हे परिपत्रक वाचलं नसेल तर छापून हातात द्या. घरगुती धंद्यांचे रिटर्न भरणाऱ्या चांगल्या सीएंनाही त्याची गरज पडलेली नसते.

दुसरं बँकेचं. परदेशात स्वतः गोदाम भाड्यानं घ्यायचं, तर रिझर्व्ह बँकेच्या निर्यातीवरच्या मास्टर डायरेक्शनमध्ये बँकेची परवानगी आणि आदल्या वर्षी किमान एक लाख डॉलरची निर्यात अशी अट आहे. तुम्ही त्याच्या आसपासही नाही, आणि तुम्हाला ते करायचंही नाही. तुम्ही कोणाची तरी साठवणुकीची सेवा वापरणार. तरी बँकेच्या फॉरेक्स डेस्कला, म्हणजे परकीय चलन विभागाला, ईमेल टाकून लेखी उत्तर घ्या, की या खेपेचे पैसे नगानगानं येतील, ते शिपिंग बिलाशी कसे जुळवायचे. साठ स्टोलचं एक शिपिंग बिल आणि साठ वेगवेगळ्या दिवशी आलेले, फी कापलेले पैसे, हा हिशेब जुळवताना नाकी नऊ येतात. पहिल्या दिवसापासून एक्सेल ठेवा : नग, विक्रीची तारीख, रक्कम, कापलेली फी.

माल बांधताना थोडं बारीक बघा. प्रत्येक स्टोलला शिवलेलं लेबल हवं, त्यावर धाग्याची टक्केवारी, 'मेड इन इंडिया' आणि तुमचं नाव, सगळं इंग्रजीत. अमेरिकेत कापडावर ही माहिती बंधनकारक आहे. विणकराकडून किंवा तुमच्या कपाटातून येणारा डांबरगोळीचा वास आपल्या नाकाला सवयीचा असतो. तिकडची बाई पाकीट उघडते आणि तो वास आला की रिटर्न. आठवडाभर सावलीत वाऱ्यावर टाका, मग घडी घाला. कोसा महिनोन्‌महिने एकाच घडीत दाबून राहिला, की घडीची रेघ बसते. म्हणून घडीत बटर पेपर घाला आणि खोकं ठासून भरू नका. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत पॅकिंग टाळा. शक्य तर मे महिन्यातच, नागपूर कोरडंठाक असताना, बांधून ठेवा. माल ऑगस्टअखेर तिथे पोचला, की दिवाळी आणि थंडी दोन्ही सापडतात. ऑक्टोबर ते डिसेंबर मोठ्या मार्केटप्लेसचं साठवणुकीचं भाडं वाढतं, तेवढं लक्षात ठेवून किंमत लावा.

दुबईला गोदामाची गरज नाही. इथून कुरियर थोड्याच दिवसांत पोचतं, आणि तुमच्या दोन-चार ऑर्डरसाठी तो उपद्व्याप कशाला? लंडनला तर मुळीच माल ठेवू नका. ब्रिटनमध्ये बाहेरच्या विक्रेत्यानं एक नग जरी साठवून विकला, तरी पहिल्याच विक्रीपासून व्हॅटची नोंदणी लागते. तिथल्या दुकानदारांना असलेली ९०,००० पौंडांची सूट आपल्याला नाही. तिथल्या ऑर्डर मार्केटप्लेसमार्फत घ्या. १३५ पौंडांपर्यंतच्या पार्सलचा व्हॅट तेच ग्राहकाकडून घेऊन भरतात.

नागपुरातलंच गोदाम घ्यावं का, असंही तुमच्या मनात येईल. वर्धा रोडनं बुटीबोरीकडे निघालं की दोन्ही बाजूंना शेडच शेड, त्यात ५ जून २०२५ ला ७०१ किलोमीटरचा समृद्धी पूर्ण खुला झाला, आणि झिरो माइलचा अभिमान तर आपल्याला आहेच. पण देशाच्या मध्यावर असण्याचा उपयोग देशातल्या ग्राहकासाठी. परदेशी पार्सल बहुतेक वेळा मुंबई किंवा दिल्लीला जाऊनच निघतं. त्यापेक्षा अशा कंपन्या बघा, ज्या अनेक लहान विक्रेत्यांची पार्सलं मुंबई-दिल्लीत एकत्र करून अमेरिकेत नेतात आणि तिथल्या टपालात टाकतात. एक्स्प्रेसइतकं झटपट नाही, पण एकट्यानं पाठवण्यापेक्षा स्वस्त पडतं. आठवड्यातले दोन दिवस ठरवा, मंगळवार आणि शुक्रवार, आणि त्याच दिवशी माल द्या. तुमचे "कधी दहा, कधी बावीस" कशामुळे होतात हे एजंटच्या ट्रॅकिंगमध्ये बघा. मला वाटतं, बरेचसे दिवस पार्सल इथेच पडून राहण्यात जात असतील.

तर दोन महिने डीडीपी आणि एकत्रित पार्सलवर काढा. परत येणारी पार्सलं थांबली आणि त्या दोन-तीन नगांची मागणी टिकली, तर साठ स्टोल पाठवा. किमान बिल नसलेलं गोदाम निवडा, आणि न विकलेला माल परत करायला किंवा नष्ट करायला काय घेतात ते आधी विचारून घ्या. पहिल्या चार महिन्यांत चाळीसच्या वर गेले तर दुसरी खेप. वीसच्या खाली राहिले तर किंमत उतरवून तिथेच संपवा, परत आणू नका.

सावजी मसाला मात्र नको. भाच्याला त्याच्या घरच्यापुरता डबा भेट म्हणून पाठवणं वेगळं. विकायला पाठवायचा, तर जिथे तो कुटला-भरला जातो त्या जागेची अमेरिकेच्या एफडीएकडे, म्हणजे अन्न-औषध खात्याकडे, नोंदणी लागते, तिथला एजंट नेमावा लागतो, प्रत्येक खेपेची आगाऊ सूचना द्यावी लागते, आणि तिकडच्या आयातदारानं तुमचा माल सुरक्षित असल्याची पडताळणी करायची असते. २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरनं इथिलीन ऑक्साइडच्या कारणानं काही भारतीय मसाल्यांवर कारवाई केल्यापासून तपासणीही कडक झाली आहे. आणि कोशाच्या खोक्यात मसाल्याचं एक पाकीट फुटलं, तर साठही स्टोल गेले. मसाला इथल्याच ग्राहकांना विका. पुण्या-मुंबईतले वैदर्भीय त्यासाठी वाट बघत असतात, आणि तिथे समृद्धीचा उपयोग आहे.

तीन पार्सलं परत आली, त्यांची ड्युटीच्या मागणीची बिलं आणि शिपिंग बिलं जपून ठेवा. तोच माल परत आला आहे हे कस्टमला दाखवायला आणि जीएसटीचा हिशेब दुरुस्त करायला ती लागतील.